उभ्या साखळीचे दात

मी एकदा नवऱ्याची नोकरी कानशीने घासून टाकली. अख्खी दुपार लागली, आणि वर मी गुणगुणतही होते.

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखान्यांसाठी झाडं पाडत होते. हे एका ठेकेदाराकडे साखळीच्या करवतीवर शिकत होते. पेट्रोलवर चालणारं परदेशी यंत्र. लांब पात्याभोवती दातांची साखळी गरगर फिरायची. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. खोक्यांसाठी सरळ फळ्या काढून दाखवल्या तर काम कायम, नाहीतर सुट्टी. आणि जायचं कुठे? दिराशी भांडून गाव सोडलेलं. पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही, हे अंगणात उभी राहून मीच ओरडले होते. आता पोटात मूल होतं.

हे काळेवाडीच्या खोलीत तापाने फणफणून पडलेले. कोपऱ्यात तेलाच्या डब्यात दोन साखळ्या. एकीचे दात तिरके घासलेले, सुरीसारखे. दुसरीचे सरळ, बोथट दिसणारे. मला वाटलं, तापामुळे हिचं काम अर्धंच राहिलं. माहेरी मी विळ्यांना दात काढायची, म्हणजे लोखंडातलं सगळं मला कळतच होतं. कानस घेतली आणि दुसरीचेही दात तिरके करून टाकले.

सकाळी अंगात ताप असतानाच ह्यांनी डबा घेऊन माळ गाठला आणि घाईघाईने तीच साखळी चढवली. मी भाकरीच्या निमित्ताने तिथे हजर, कौतुक ऐकायला. आंब्याचा ओंडका उभा चिरायला घेतला, तर फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पापड. दुसरी तशीच. तिसरीत करवत अडकून बसली.

ह्यांनी साखळीच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "अगं, आडवं तोडताना लाकडाच्या शिरा सुरीने कापाव्या लागतात. उभं चिरताना पटाशीने खरवडाव्या लागतात. म्हणून हिचे दात सरळ होते."

ठेकेदाराला मात्र ह्यांनी सांगितलं, चूक माझीच.

माझ्या डोळ्यांपुढे दिराचं अंगण, आणि उंबऱ्यात हसत उभी असलेली जाऊ. मी पदर खोचून पुढे झाले आणि सांगून टाकलं, दात मी घासलेत, हे तापात पडले होते. भोवतीचे गडी फिदीफिदी हसले. ठेकेदार हसला नाही. पिंपरीच्या जुन्या गावातला माणूस. त्याने डब्यातून मी हात न लावलेली साखळी काढली आणि उन्हात धरून एकेक दात बघत बसला. त्याचं बघणं संपेपर्यंत मनातल्या मनात माझं बोचकं बांधून झालं होतं.

मग तो माझ्याकडे वळला.

"फळ्यांचं काम गेलं, पोरी, ते आता दुसऱ्याला. पर ही आडवी साखळी तुज्या तावडीतनं वाचलीया, तवा ह्याला उद्यापासनं ओंडके तोडाया धाड, आन् कानस घरात ठिऊ नगंस."