वस्तीची कोठी

हे मी कधी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तरी ते माझ्यापाशीच राहिलं. तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलतो. मध्येच थांबलो तर जरा थांबा — सवय नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं. मी नंदुरबारकडे, कोरीट गावाच्या पुढे, तापीकाठच्या एका गावात मास्तर होतो. गावाचं नाव नको. माझे मामा तिथले मोठे बागाईतदार — केळी, ऊस, कापूस. मी दोन वेळा त्यांच्याच ओसरीवर जेवायचो. आणि त्याच वर्षी गावातल्या सालदारांनी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांनी, काम बंद केलं. वर्षाची ज्वारी वाढवून द्या, बायांना मिरची तोडायची मजुरी नीट द्या — एवढंच मागणं. बहुतेक सगळे भिल्लवस्तीतले.

काम बंद म्हणजे चूल बंद. म्हणून वस्तीनं एक कोठी केली. ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं आणून टाकायचं, आणि ज्याच्या घरात संपलं असेल त्याला त्यातून द्यायचं. न्हाव्यानं दिलं, कुंभारानं दिलं. नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या हमालांनी डाळीची पोती पाठवली. मोठ्या घरातल्या एक काकू मागच्या दारानं सुपात दाणे घालून द्यायच्या आणि पदर सावरत आत जायच्या. गावात मात्र एकच कुजबुज — फुकट कोण देतं? यामागे कोण आहे? आज डाळ पाठवणारे उद्या काय मागतील? पुढे पुढे वस्तीतही लोक एकमेकांच्या पिशवीकडे बघायला लागले.

कोठी माझ्या भाड्याच्या खोलीत होती. शेतकरी मास्तराच्या खोलीत घुसणार नाहीत, म्हणून. किल्ली माझ्याकडे, वाटप झेलाबाईकडे. झेलाबाई पन्नाशीची विधवा. तिच्या हातून वाटलेल्या दाण्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नव्हती.

वस्तीतला एक गडी, देवल्या, फुटला. संपाच्या बैठकीतलं बोलणं त्यानं शेतकऱ्यांना सांगितलं, पुढच्या ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली आणि लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा, सुरतेकडे पळाला. मागे बाळंतीण बायको आणि पोरं. वस्तीनं ठरवलं — त्या घराला कोठीतला दाणा नाही.

एका संध्याकाळी झेलाबाई पदराखाली बोचकं घेऊन देवल्याच्या झोपडीकडे जाताना मला दिसली. तिनंही मला पाहिलं. दुसऱ्या दिवशी खोलीवर आली, उंबऱ्यापाशी बसली.

“मास्तर, कोनले सांगू नका,” ती म्हणाली. “बाप चुकना. पोरेस्नी काय चूक शे?”

नाही सांगणार, असा मी शब्द दिला. मनापासून दिला होता. खरंच.

मग कोठी उतरायला लागली. झेलाबाई नेत होती ते थोडं. पण देणारे हात आखडले होते आणि खाणारी तोंडं वाढली होती. हे कुणालाही कळलं असतं. पण संशय घ्यायला एखादा चेहरा लागतो ना? तो चेहरा माझा झाला. किल्ली माझी, जेवण मामांच्या ओसरीवर. मी वस्तीत गेलो की बोलणं थांबायचं. भीमसिंग — संपाचा पुढारी, माझा मित्र — खोलीवर यायचा तेव्हा आधी कोठीत डोकावायचा, मग माझ्याकडे बघायचा. विचारायचा काहीच नाही. त्यानं एकदा विचारलं असतं तर? पण नाही. हे मी त्याच्यावर ढकलतो आहे.

एक दिवस त्याच्याबरोबर नदीवर जाताना मी म्हणालो — त्यानं विचारलेलं नसताना — सहज म्हणावं तसं म्हणालो, की संध्याकाळी झेलाबाई बोचकं घेऊन कुठे जाते कोण जाणे.

कोण जाणे! मला माहीत होतं.

वस्ती निंबाखाली जमली. भीमसिंगानं माझं नाव घेतलं नाही. धान्य बाहेर नेलंस का, एवढंच तिला विचारलं.

“हाव,” ती म्हणाली, “मी लई गऊ.”

कुणासाठी नेलं, ते तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी देवल्याच्या बायकोला वस्तीत राहू दिलं नसतं. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं. मी उभा राहून सांगितलं असतं, देवल्याच्या पोरांसाठी हात जोडले असते, तर काय झालं असतं? माहीत नाही. मी खाली बघत राहिलो. आणि मला हलकं वाटत होतं — हे सांगायलाच मी बसलो आहे — सगळ्यांची नजर माझ्यावरून उठली होती, म्हणून मला हलकं वाटत होतं.

त्याच दिवशी ज्यानं त्यानं आपापलं धान्य मागून नेलं. कोठी रिकामी झाली. थोड्याच दिवसांत गडी एकेक करून जुन्याच बोलीवर कामाला गेले. मामांनी रात्री जेवताना माझ्या पानात तूप वाढलं. झेलाबाई खापरकडे भावाच्या गावी निघून गेली. देवल्याची बायको पोरं घेऊन कुठे गेली, ते मी कधी विचारलं नाही.

काही वर्षांनी नंदुरबारला, मिरच्या वाळत घालतात त्या मोकळ्या पटांगणात, झेलाबाई मला दिसली. बायांच्या रांगेत बसून देठ खुडत होती. मी वळणार, तोच तिनं हाक मारली. घरातल्या सगळ्यांची विचारपूस केली. मी हो हो करत राहिलो. तिच्या बोलण्यावरून कळलं — तिला वाटत होतं, बोचकं दुसऱ्याच कुणाला तरी दिसलं आणि त्यानं सांगितलं. निंबाखालचं माझं गप्प बसणं म्हणजे तिला दिलेला शब्द पाळणं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

शेजारच्या बाया माझ्याकडे बघत होत्या. तिनं त्यांना सांगितलं, “हाऊ आमना मास्तर. शब्दना पक्का मानूस शे.”

मी मान हलवली. हसलोही थोडा. मग गाडीची वेळ झाली म्हणालो आणि स्टेशनकडे निघालो.