पाबन्याची आपा

"त्या गावाचं नाव या घरात काढायचं नाही म्हणून सांगितलंय ना, आपा?" रोशनभाबीने सोलायला घेतलेली कोळंबी तशीच ताटात टाकली.

"मग मी कुठे राहते म्हणून सांगू? लंडनला?" मोरशेदाआपा म्हणाली.

आपा म्हणजे आम्हा दोघी जावांची थोरली नणंद. एकतीस वर्षं पाबन्याच्या मनोरुग्णालयात नर्स होती. आमच्या देशात कुणी जरा वेडंवाकडं बोललं की लोक म्हणतात, 'याला पाबन्याला पाठवा.' बसचं तिकीट काढतानासुद्धा तिला "जायचंय की सुटून आलात?" असं विचारत. "कामाला जाते. तुझ्यासाठी खाट धरून ठेवू का?" हे तिचं ठरलेलं उत्तर. आता निवृत्त झाली, पण माणसाच्या डोळ्यांखाली बघायची सवय गेली नाही. ईदला आमच्याकडे कुष्टियाला आली आणि तिसऱ्या दिवशी तिने भाबीच्या मुलीला, बिथीला हेरलं.

करोनात विद्यापीठाचं वसतिगृह बंद झालं, परीक्षा लांबली, आणि बिथी मार्चमध्ये घरी आली ती आलीच. पहाटेची अजान झाल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. भाबी तिला वटवाघूळ म्हणते. आधी बिथी हसायची. आता अकरा दिवस पुस्तकाचं एकच पान उघडं आहे.

"पोरगी माझ्याकडे दे. तिथले डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत."

"आणि लोक? रोशनची मुलगी पाबन्याला गेली म्हणतील. मग लग्न कोण करील तिच्याशी?"

"आधी झोपू तर दे. नवऱ्याच्या घोरण्याने जागायला पुढे जन्म पडलाय."

मला हसू आवरेना. भाबीने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने लसूण सोलायला घेतला.

बिथी दारातच उभी होती. "आम्मा, मला आता रडूही येत नाही. नुसती छाती धडधडते. जाऊ दे मला."

भाबी काही बोलणार तोच शेजारच्या कोहिनूरने भिंतीवरून मान काढली. "बिथी कुठे निघाली गं?"

"राजशाहीला. मामाकडे," भाबी पटकन म्हणाली.

"असं होय." कोहिनूरचा चेहरा उतरला. "मला वाटलं, आपासोबत चाललीय. आमचा शाओन कॉलेज बंद झाल्यापासून झोपलेला नाही. आपाला विचारीन म्हणत होते, पण पाबन्याचं नाव काढायला जीभ रेटेना."

भाबीने पाच-सहा कोळंब्या सोलल्या. सगळ्यांची डोकी तिने सालींच्या ढिगात टाकायची सोडून कालवणाच्या पातेल्यात टाकली. आपाने ती एकेक करून निवडून काढली.

मग भाबीने हात धुतले, पदराला पुसले आणि ओसरीवरच्या पुरुषांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बिथी शुक्रवारी पाबन्याला जातेय. आपाकडे, डॉक्टरला दाखवायला. कोहिनूर, शाओनची पिशवी भरून ठेव. मी दोघांबरोबर जाणार आहे. भात तुमचा तुम्ही शिजवा."