तुपाचा डबा

औरंगपुऱ्यात तूप कढल्याचा वास आला, की मला आणीबाणीतली एक दुपार आठवते.

आबा गंगापूरहून तुपाचा डबा घेऊन आले. चालणं मात्र अवघडलेलं.

“कुणी दिला?” मायनं विचारलं.

“सरकारनं.”

“सरकार कव्हापासून फुकट द्यायला लागलं?” मायनं डबा हुंगला, मग आबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ते नजर चुकवून बाजेवर कलंडले.

मायनं त्या तुपाला कधीच बोट लावलं नाही. नसबंदी केली की असे डबे मिळायचे, हे मला फार उशिरा कळलं. त्या दुपारी मी तुपानं माखलेल्या तोंडानं तिला विचारत होते, “माय, मला भाऊ कव्हा होईल गं?”