जावईबापूंचे डावे बूट

सासऱ्यांच्या बुटांच्या कारखान्यात जावयावर कोणी ओरडत नसे, हीच जावईबापूंची अडचण होती. एखादा टाका तिरपा गेला तर सासरे कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. जावईबापूंनी गोदामासाठी लिहिलेल्या प्रोग्रामने मात्र पहिल्याच दिवशी सगळे उजवे बूट गिळले, तरी सासरे गोड हसले. मग शेजारी उभ्या असलेल्या मुलीला म्हणाले, की संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून नोंदींना पुन्हा आपला खडू आणि आपला फळा. जावईबापू हाताच्या अंतरावरच बसले होते, पण जावयाला अशा वेळी ऐकू येत नाही, असा घरचा शिष्टाचार.

प्रोग्रामचं काम तसं साधं. टेबलावर बूट ठेवला की त्याची नोंद करायची. तोच बूट चुकून पुन्हा आला तर नाकारायचा. आता जोडीची ताटातूट होऊ नये म्हणून दोन्ही बुटांवर नंबर एकच असतो. डावा आला की नोंदला जायचा. मागून उजवा आला की संगणक म्हणायचा, हा तर येऊन गेला.

जावईबापूंनी कोडमध्ये डोकं घातलं. सगळ्यात वर 'वस्तू' नावाचा क्लास, म्हणजे घरातला वडीलधारा. त्याच्याकडे नंबर, माप, रंग आणि दोन वस्तू सारख्या आहेत का हे ठरवायची रीत. 'बूट' हा त्याचा वारस. त्याची स्वतःची अशी एकच मिळकत: पाय कुठला. पण तुलनेची रीत त्याला कोणी दिलीच नव्हती. मग कंपायलरने, म्हणजे आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या त्या कारकुनाने, वडिलांची रीत उचलली आणि मोकळा झाला. वडिलांना पायच ठाऊक नाहीत, ते डावं-उजवं काय बघणार? आणि एरवी एका स्वल्पविरामासाठी घर डोक्यावर घेणारा हा गृहस्थ इथे चकार शब्द बोलला नव्हता.

उपाय एका ओळीचा होता. बुटासाठी तुलना तूच ठरव, असं कंपायलरला सांगायचं. मग तो आधी वडिलांकडून आलेलं ताडून बघतो आणि नंतर पोराचं स्वतःचं. जावईबापूंनी ओळ घातली. डावा ठेवला, नोंदला. उजवा ठेवला, तोही नोंदला. डावा परत ठेवला, तर संगणकाने नाक मुरडलं.

मागे उभ्या सासऱ्यांनी काय बिघडलं होतं ते विचारून घेतलं.

"म्हणजे घराणं बघितलं आणि पोराकडे बघितलंच नाही?"

"माझ्या लग्नात तुम्ही दुसरं काय केलंत, बाबा?" मुलगी म्हणाली.

सासऱ्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि खोक्यातून दोन पट्टे काढले. नंबर एकच, पण एकाचं बकल पितळी, दुसऱ्याचं काळं. दोन्ही टेबलावर ठेवले. दुसरा नाकारला गेला. 'पट्टा'ही त्याच वडिलांचा वारस होता आणि त्यालाही तुलनेची रीत कोणी दिली नव्हती.

"अरे गाढवा," सासरे कडाडले, "एक पोर सावरलंस आणि दुसरं तसंच उघड्यावर? हे यंत्र इथेच राहणार आहे, कळलं? पट्टा झाल्याशिवाय उठायचं नाही."

कारागिरांचे हात थांबले. मुलगी घाबरून नवऱ्याकडे बघत राहिली.

"उठत नाही, बाबा," असं म्हणून जावईबापूंनी खुर्ची पुढे ओढली. स्वारी भलतीच खूश दिसत होती.