करंगळीएवढी फट

मी सुतार. तीन पिढ्या आमच्या हातात सागवानच. वडिलांची काम तपासायची एक रीत होती: दोन फळ्यांच्या जोडात पोस्टकार्ड शिरलं, तर काम परत. त्यांनी माझी कितीतरी कामं अशी परत करायला लावली. म्हणून फट दिसली की अजूनही माझं डोकं तापतं, मग ती माझी असो की दुसऱ्याची.

सावंगीच्या एका घरी गच्चीवर डेक, म्हणजे फळ्यांची जमीन, टाकायचं काम मिळालं, तेव्हा डिसेंबर होता. घरात दोघंच, मावशी आणि दवाखान्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा. मावशींच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, रोज चाला म्हणून सांगितलेलं. रस्त्यावर पोरं सुसाट गाड्या हाकतात, गच्चीची फरशी गुळगुळीत. म्हणून मुलाने डब्ल्यूपीसीच्या पाट्या आणवल्या. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनतात, त्या. दुकानदाराने मला बजावलं होतं, "मिस्त्री, दीवार से उंगली जितना गैप छोड़ना, गर्मी में फैलता है."

मी हो म्हटलं आणि मनात हसलो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. उन्हाळ्यात फट आपोआप पडणारच, मग आत्ता कशाला ठेवायची? दुकानात बसून हा मला लाकूड शिकवणार! थंडीत हात चोळत मी एकेक पाटी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत ठोकून, दाबून बसवली. मावशी काठी टेकत आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाप्पा! मुंगी बी जानार नाई यातून." मला आभाळ ठेंगणं झालं.

उरलेल्या एका पाटीचा मी सेलूला माझ्या दुकानासमोर बाक केला, विटांच्या दोन खांबांमध्ये गच्च बसवून. मार्चमधल्या एका दुपारी बायकोने हाक मारली. "अवो, हे पाटी काऊन पोट काढून राह्यली?" बघतो तर खरंच, बाक मधोमध वर उचलला होता. मी वीट फोडून पाटी बाहेर काढली. तापलेली मापली, दुसऱ्या दिवशी सकाळी गार झाल्यावर पुन्हा मापली. दुपारची पाटी सुतभर, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, लांब भरली होती. प्लास्टिकला सागवानाचा धर्म कोण शिकवणार?

ही एवढीशी पाटी सुतभर वाढते, तर मावशींच्या गच्चीवरच्या दहा-दहा फुटांच्या किती वाढतील? त्या तर दोन्हीकडून कठड्याला भिडलेल्या. आणि त्यांवरून चालणार कोण, तर खुबा बदललेली बाई.

तरीही मी गेलो नाही. लाज वाटली, दुसरं काय! फोन येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं स्वतःला समजवायचो आणि फोन वाजला की दचकायचो. दुपारचं ऊन चढलं की कामातलं लक्ष उडायचं. एका गिऱ्हाइकाच्या दाराला बिजागऱ्या उलट्या बाजूला ठोकून ठेवल्या. शेवटी बायको वैतागली. "जाऊन या न एकदाचे. घरात डोकं खाऊन राह्यले नुस्ते."

एप्रिल लागला तेव्हा कटर गाडीला बांधून निघालो. दोन वाजता पोचलो. मुलगा ड्युटीवर होता, मावशींनी दार उघडलं. वर गेलो तर अर्ध्या डेकवर जुनी लुगडी पसरून कुरड्या वाळत घातलेल्या. मी एक कोपरा उचलायला गेलो तशा त्या घाईने म्हणाल्या, "राहू दे, वायल्या नाई अजून."

कुरड्या कडकडीत वाळलेल्या होत्या. मी लुगडं बाजूला केलं. खाली तीन पाट्या वीतभर लांबीत कुबड काढून चांगल्याच वर आलेल्या.

"मावशी, पोराले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं अस्तं तं त्यानं गच्चीले कुलूप लावलं अस्तं. दिवसभर खोलीत पंख्याकडं पाहत बसू का मंग?" मग त्यांनी नेसलेल्या लुगड्याचा काठ जरा वर केला. नडगीवर काळानिळा डाग होता. "एक डाव लागलं. पडली नाई, कठड्याले धरलं. तू बी सांगू नोको त्याले."

मी वर आलेल्या पाटीवर हात ठेवला. पाट्या इतक्या तापल्या होत्या की चटका बसला. मी लाजेने घरी बसलो होतो आणि या बाई माझं कुबड कुरड्यांखाली झाकत होत्या.

मग पाट्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा ढिल्या केल्या आणि कठड्याच्या कडेने साऱ्या पाट्यांची टोकं कापली. भर उन्हात त्या वाढायच्या तितक्या वाढल्याच होत्या, तरी करंगळीएवढी फट सोडली. माझ्या हाताने फट सोडायची पहिलीच वेळ. सहा वाजेपर्यंत पाट्या खाली बसल्या. मी चारदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं.

तेवढ्यात मुलगा आला. मी म्हटलं, "साहेब, चूक माही हाये. फट ठेवाले सांगितलं होतं, म्या ठेवली नाई."

तो चिडला, चिडायलाच हवा होता. "आई पडली अस्ती म्हंजे?"

मावशींनी लुगडं घोट्यापर्यंत ओढून घेतलं. "पडली नाई न पन," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

सगळं सांगायचं असं ठरवून मी घरून निघालो होतो. अर्धंच सांगितलं, मावशींच्या नडगीवरचा डाग सांगितला नाही. ते बरोबर केलं की चूक, हे मला अजून कळलेलं नाही आणि त्याची टोचणी आहे.

आता दर उन्हाळ्यात, ऊन तापलं की मी न बोलावता सावंगीला जातो. मावशी गच्चीचं दार उघडतात आणि पुढे होतात. मी आधी त्यांच्या पायांकडे बघतो, पाट्यांकडे नंतर.