सायकलीचं मॉइश्चर

आधीच सांगतो, चहा तोंडात असंल तर गिळून घ्या. मागं एकाला हे सांगताना त्यानं फुर्रकन चहा उडवला आन् माझा पांढरा शर्ट गेला. मी जे करून बसलोय ते अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणी केलं नसंल. आन् पुढं कुणी करू बी न्हाई.

मी पवन. गाव येलदरी धरणाच्या कडंला. काम म्हणाल तर स्वप्नं बघणे. त्यात एक स्वप्न लय दिवसांचं: बॅटरीवरच्या सायकली भाड्यानं द्यायच्या. लोक येणार, पाण्याच्या कडंकडंनं फिरणार, आन् मी झाडाखाली खुर्ची टाकून बसणार. खरं सांगू? त्या धंद्यात मला सगळ्यात जास्ती खुर्चीच आवडली होती.

आमचे दाजी, म्हणजे अक्काचे मालक. मूळचे पाथरीचे, पण पुण्यात राहून राहून दर वाक्याला ‘ॲक्च्युअली’ लागतं त्यांना. दसऱ्याला आले ते गाडीच्या डोक्यावर एक इलेक्ट्रिक माउंटन बाइक बांधूनच. जाडजूड टायर, पोटात बॅटरी, हँडलवर छोटासा डिस्प्ले.

“पवन, ॲक्च्युअली ही तुझी परीक्षा आहे,” दाजी म्हणले. “दिवाळीपर्यंत नीट सांभाळून दाखव. आणखी पाच आणून देतो. हिला काही झालं, तर विषय संपला.”

“दाजी, लेकरावानी सांभाळतो!”

“लेकरं तू कधी सांभाळलीस रे?” आई चुलीपासून म्हणली.

तर बगा, एका संध्याकाळी मी तिला घेऊन धरणाकडं गेलतो. धरण गच्च भरलेलं. वारा न्हाई, लाट न्हाई. पाणी कुटं संपलं आन् आभाळ कुटं सुरू झालं, काय कळंना. लांब एक मचवा उभा, तो पाण्यावर हाय का ढगावर हाय ते बी कळंना. आन् ही सायकल अशी की आवाजच न्हाई. पायडल मारायचं न्हाई, उगं अंगठा दाबायचा. झोपंतच कुणीतरी उचलून न्यायलंय असं वाटतं.

आमच्याकडं एक जुना रस्ता हाय. धरणात गेलेल्या गावाकडं जायचा. अजून बी हाय तो, फक्त पाण्याखाली हाय. डांबर सरळ पाण्याच्या कडंपर्यंत येतं आन् गुमान आत जातं. मी त्या रस्त्यानं निघालतो. डोक्यात पाचही सायकली रांगंनं चाललेल्या. मी त्यांना नावं बी ठेवायलो होतो.

रस्ता पाण्यात गेला.

मी बी गेलो.

मला कधी कळलं म्हणता? छातीपर्यंत गार लागलं तवा! सायकलीचं नुसतं हँडल वर. तेवढ्यात मचव्यातनं एक कोळीदादा ओरडला, “ओ भाऊ! म्हशी धुवायची जागा तिकडं हाय!”

“म्हैस न्हाई, सायकल हाय!”

“मंग शिंगं कशाची दिसायलीत?”

ओढून काढली बाहेर. तर डिस्प्लेवर एकदम सगळंच पेटलं. बॅटरी भरलेली बी दाखवी, संपलेली बी दाखवी. आन् मी हात लावायच्या आत मागचं चाक आपोआप गरगर फिरायला लागलं! सायकल माझ्याशिवाय घराकडं निघाली, राजेहो. मी मागनं पळायलो, अंगातनं पाणी गळायलंय. कडंच्या बाभळीला जाऊन धडकली, एकदा ‘टीं’ केलं, आन् डिस्प्ले विझला. मग ढकला, दाबा, हाक मारा, काही न्हाई.

आता दाजींना फोन करावा तर विषय संपला. न करावा तर सायकल संपली. मी डोकं लावलं.

“दाजी, धंद्याचा एक विचार करायलो होतो. समजा, नुसतं समजा हां, एखाद्या येड्या गिऱ्हाइकानं सायकल पाण्यात घातली, तर काय करायचं?”

दाजी लय खुश! “व्वा पवन! ॲक्च्युअली हा विचार कुणी करत नाही.” आन् धडाधड सांगायला लागले. आधी बटन बंद करायचं. बॅटरी काढून बाजूला ठेवायची. ओली असताना चार्जिंगला अजिबात लावायची न्हाई. सीट काढून सायकल उलटी करायची, नळीतलं पाणी निथळू द्यायचं. वायरींचे जोड उघडून हवा मारायची. सावलीत, वाऱ्याला ठेवायची. पूर्ण सुकल्याशिवाय बॅटरी जोडायची न्हाई.

“आणि हे बघ, लोक मोबाइल तांदळात ठेवतात, तसं सायकलीला काही करू नकोस. तांदूळ अजिबात नको.”

“न्हाई न्हाई दाजी. तांदळाचं नावच न्हाई.”

सकाळ झाल्या झाल्या मी बॅटरी काढली. अप्पांच्या, म्हणजे वडलांच्या, टावेलात गुंडाळून माळवदावर, सावलीत ठेवली. सीट काढली. नळीतनं लोटाभर पाणी निघालं. इथपर्यंत सगळं दाजींच्या शब्दाबाहेर न्हाई. मग विचार केला, हवा कुटून मारू? पंक्चरवाल्याकडं न्यावी तर गावभर होईल. आन् मागच्या खोलीत बगतो तर काय, अप्पांच्या सोयाबीनचा ढीग! ऑक्टोबरच्या उन्हात खडखडीत वाळलेला. पाण्याचा थेंब दाखवा, पिऊन टाकील.

आता तुमीच सांगा. दाजी तांदूळ नको म्हणले. सोयाबीनला कोण नको म्हणलं?

रॉकेलचं जुनं नरसाळं घेतलं आन् सीटच्या नळीत सोयाबीन ओतलं. खुळखुळ खुळखुळ. बॅटरीच्या खोबणीत भरलं. वायरी आत जात्यात त्या भोकाजवळ बी भरलं. वरनं चिंधी कोंबली आन् सायकल ढिगाला टेकवून निजवली. मी बी शेजारी आडवा झालो. दुपारची वेळ, सोयाबीनचा उबदार वास. डोळा लागला तर स्वप्नात पाचही सायकली धरणाच्या कडंला गवत चरायल्या होत्या. एकीच्या गळ्यात घुंगरू बी होतं.

“पव्या, सायकल कुटं हाय रे?” आईनं बाहेरनं विचारलं.

“झोपलीया.”

आई आपल्या कामाला लागली. माझ्या घरी असल्या उत्तरांची सवय हाय.

पण सुकली हे कळावं कसं? इथं माझ्या डोक्यानं कमाल केली बगा. आमच्याकडं सोयाबीन इकायचं म्हणलं की आडतीवर वाटीभर माल मशीनमधी टाकत्यात. मशीन ओलावा सांगतं. मॉइश्चर जास्ती तर भाव कमी. मग मी म्हणलो, सायकल मशीनमधी बसंना का! सायकलीतलं सोयाबीन तर बसतंय! त्याचं मॉइश्चर उतरलं की समजायचं, सायकल सुकली. सांगा, पुण्यात सुचंल का कुणाला हे?

दुसऱ्या दिवशी सायकल उलटी करून वाटीभर काढलं. गावातच गंगाधर काकांची आडत. काकांनी मशीनमधी टाकलं, चष्मा वर केला.

“चौदा? पव्या, तुमचा माल तर परवा दहा होता.”

“हवामान दमट हाय, काका.”

नळीच्या तळाला पाणी राहिलं असणार. आणखी कोरडं सोयाबीन भरलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा नेलं.

“अठरा!” काका खुर्चीतनं उठले. “काय करायलास रे मालाला?”

“काही न्हाई. नुसतं ठिवलंय.”

“कुटं? हिरीत?”

चौथ्या दिवशी सायकलीतनं सोयाबीन बाहेरच येईना. हलवली, बुडाला थापा मारल्या, तरी न्हाई. लय मुश्किलीनं काडी घालून मूठभर काढलं. मऊ झालतं. ते मशीनमधी टाकल्यावर काकांनी आकडाच सांगितला न्हाई. मशीनच बंद केलं.

आता त्यांच्या जागी तुमी असता तर काय समजला असता? मालाला पाणी मारून वजन वाढवणारे लोक असत्यात. काकांना वाटलं, हे पोरगं रोज थोडं थोडं पाणी वाढवून, मशीन किती सोसतंय ते बगायलंय! आन् अप्पांचा अख्खा माल दुसऱ्या दिवशी त्यांच्याच काट्यावर जायचा होता.

आमचे अप्पा म्हणजे काय सांगावं. मालात खडा निघाला तर सोता उचलून खिशात घालणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका थेट आमच्या अंगणात.

“अप्पा, तुमचा माल मी घेत न्हाई. तुमचं पोरगं सोयाबीनला पाणी मारायलंय.”

अप्पांच्या हातातली बशी तशीच राहिली. “आमच्या मालाला पाणी?”

आन् नेमकी त्याच वेळंला फाटकात गाडी थांबली. अक्का आन् दाजी! दिवाळीला आलेले. दाजी उतरता उतरताच म्हणले, “काय पवन, कुठाय आपली बाइक?”

माझ्या एका बाजूला पाच सायकली आन् खुर्ची. दुसऱ्या बाजूला अप्पा, बशी धरून. चहा गार व्हायलाय, पण ते पीनात. मला वाटलं, आता हे सगळं स्वप्न असावं आन् आईनं पाणी मारून उठवावं. पण आई बी तिथंच उभी होती, रिकाम्या हातानं.

म्हणलो, “काका, मालाला हात लावला न्हाई. ते सोयाबीन सायकलीतलं हाय. दाजी, सायकल धरणात गेलती. मीच घातली.”

काका म्हणले, “बगा अप्पा! आता हे म्हणतंय सोयाबीन सायकलीतलं हाय.”

चूक त्यांची न्हाई. मागच्या पोळ्याला मीच उठवलं होतं की सरकार बैलांची गणती करणार हाय आन् ज्याचं डावं शिंग निळं त्याचीच नोंद होणार. अर्ध्या गावानं डावी शिंगं निळी केली. काकांनी तर दोन हात दिलते रंगाचे.

“शप्पथ खरं बोलायलोय!”

“हा खरं बोलायलाय म्हणतोय, तवा नक्कीच काहीतरी हाय,” आई म्हणली.

मी मागच्या खोलीतनं सायकल आणली. अंगणात उभी केली. आन् माझीच नजर तिच्यावर पडली तर मी बी चाट. खोली अंधाराची, मी कालपासनं नीट बघितलं नव्हतं. वायरी आत जात्यात त्या भोकातनं एक पांढराशुभ्र कोंब बाहेर आलता. नाजूक, वाकडा. त्याच्या मागं दुसरा. सीटच्या नळीतली चिंधी काढली तर आत गच्च दाटी. सगळे मान वर करून बगायलेत, शाळंतल्या लेकरांवानी.

उजेड पडला होता त्यांच्यावर. मला क्षणभर लय छान वाटलं, खोटं कशाला बोलू!

“हे काय आहे?” दाजी म्हणले. ‘ॲक्च्युअली’ बी विसरले.

“मोड.”

“मी सांगितलं होतं ना, तांदूळ नको!”

“सोयाबीन हाय दाजी.”

दाजी खाली बसले. चिमट्यानं, सळईनं, बोटानं एकेक दाणा उपसत राहिले. शेवटी वायरीचा एक जोड सापडला. फुगलेल्या दाण्यांनी ढकलून ढकलून सुटा केलता. दाजींनी पुसला, फुंकला, वाळू दिला. माळवदावरनं बॅटरी आणून जोडली, बटन दाबलं. डिस्प्ले लागला. चाक फिरलं, गुमान, सांगितलं तेवढंच.

“पवन,” दाजी लय हळू म्हणले, “पाण्यानं हिला फारसं काही झालंच नव्हतं. नुसती वाऱ्याला ठेवली असतीस तर दुसऱ्या दिवशी चालली असती. ही बंद राहिली ती तुझ्या उपचारानं.”

तिकडं काका मोड आलेले दाणे तळहातावर घेऊन उन्हात बगायलेले. एकेक उलटा करून बगितला. मग त्यांचा आवाजच बदलला.

“अप्पा, एवढ्या हालात बी बहुतेक सगळा दाणा उगवलाय हो! हा माल तेलाच्या मिलला द्यायचा न्हाई. बियाण्याचा माल हाय हा!”

अप्पांनी तवा कुटं बशी तोंडाला लावली. गार चहा पिले आन् म्हणले, “सायकलीत उगवतंय तर रानात काय न्हाई उगवणार.”

गावात ही बातमी माझ्याआधी पोचली. संध्याकाळपर्यंत बियाणं सांगून ठेवायला लोक दारात. आन् प्रत्येकाला आधी माल न्हाई बगायचा, सायकल बगायची!

दाजींनी शब्द पाळला. म्हणले, खरं बोललास म्हणून पाच सायकली येतील. पण मालक अप्पा. मी फक्त फडकं मारायला. आता धरणावर कधी आलात तर बगा, झाडाखाली खुर्ची हाय, खुर्चीत अप्पा हायेत आन् मी पाण्याच्या कडंला उभा राहून गिऱ्हाइकांना सांगतो की दादा, हा रस्ता पुढं जात न्हाई.

परवा आडतीवर गेलतो. माणसं भरलेली. गंगाधर काकांनी चष्मा वर केला आन् सगळ्यांदेखत, अगदी गंभीर तोंडानं इचारलं, “काय पवन, यंदा सायकलीला सोयाबीनचा उतारा किती पडला?”

आता मी तरी काय सांगू? मान खाली घालून म्हणलो, “एका नळीला मूठभर, काका. एकच पाणी दिलतं.”