लॉट नंबर बत्तीस

लॉट नंबर बत्तीसची बोली साडेनऊ हजारांवर गेली तेव्हा पुंडलिकबाबांनी खुर्चीतूनच विचारलं, "ताई, भंगारासाठी कोण भांडतंय?"

गॅरेजमध्ये चाळीसएक माणसं होती. बोली लावणारे दोनच उरले होते. एक जयेशभाई, वापीचे भंगाराचे व्यापारी. ते प्रत्येक बोली खड्या आवाजात सांगत होते. दुसरा चौदा नंबरचा माणूस. तो मागच्या शटरजवळ उभा राहून फक्त नंबराचा पुठ्ठा वर करत होता. तोंड उघडत नव्हता.

बाबांना दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. त्यांना एकच आवाज ऐकू येत होता, आणि तरी भाव चढत होता.

मी सिल्वासात चोवीस वर्षं लिलावाचं काम करते. माझं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे बंद पडलेली फॅक्टरी. मसाटच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी कंपनी बसली की बँक मला बोलावते. मी यादी करते, किंमत ठरवते आणि माल विकून देते. त्यात माणसं फारशी नसतात. मालक परागंदा झालेला असतो, कामगार गावी गेलेले असतात, वॉचमन कुलूप उघडून देतो. मला ते सोयीचं वाटतं.

हे काम वेगळं होतं. पुंडलिक अहिरे हे मूळचे नंदुरबारकडचे, अहिराणी बोलणारे. सिल्वासात कंपन्या यायला लागल्या त्या काळात ते आले आणि नरोली रोडला ट्रकचं गॅरेज टाकलं. जागा भाड्याची. आता जागामालकाला तिथं कामगारांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. महिनाअखेर गॅरेज रिकामं करून द्यायचं होतं. बाबांची मुलगी सुनंदा इथल्याच शाळेत शिक्षिका. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिनं मला फोन केला तेव्हा म्हणाली, "बाबांना मी घरी नेईन हो, पण ऐरण कुठे ठेवू?"

गेले तर डोळे विस्फारले. बाबांनी पन्नासेक वर्षं काहीही टाकलं नव्हतं. जुन्या ऑईल कंपन्यांचे इनॅमलचे बोर्ड होते, हाताने फिरवायचा पेट्रोल पंप होता, रबरी फुग्याचे भोंगे होते, पितळी हेडलाइट, रेडिएटरची झाकणं, हँडल मारून गाडी चालू करायच्या जमान्यातली हँडलं. आणि हत्यारं. पाने, वाईस, जॅक, हातानं चालवायचं ड्रिल. भिंतीवर, फळ्यांवर, छताला टांगून.

यादी करायला चार दिवस लागले. पहिले तीन दिवस बाबा माझ्यासोबत बसले. मी वस्तू हातात द्यायची, ते बोटं फिरवून सांगायचे. "हा पाना इंग्रजी मापाचा. आता याचे बोल्ट मिळत नाहीत." "हा भोंगा सुरतेच्या एका शेठच्या गाडीचा. गाडी भंगारात गेली, भोंगा मी मागून घेतला." मी लिहून घेत होते. एका ठिकाणीही ते चुकले नाहीत. एका बोर्डावर मी "मूळ रंग" असं लिहिलं, तर म्हणाले, "खोडा. खालचा कोपरा मी रंगवलाय."

करारावर अंगठा लावताना मात्र त्यांनी अट घातली.

"वळणावरच्या दत्तूला काही विकायचं नाही."

दत्तू कोण ते सुनंदानं मला बाहेर नेऊन सांगितलं. साक्रीचा माणूस. बाबांकडे अकरा वर्षं कामाला होता. बाबांनी त्याला पाना धरण्यापासून शिकवलं. मग एक दिवस त्यानं त्याच रस्त्यावर, पुढच्या वळणावर स्वतःचं गॅरेज उघडलं आणि बाबांचे दोन मोठे ट्रान्सपोर्टवाले त्याच्याकडे गेले. त्याला पंधरा वर्षं झाली. दोघं तेव्हापासून एकमेकांशी बोलले नव्हते. बाबा देवळात जायचे तर वळण टाळून मागच्या रस्त्यानं.

मी बाबांना म्हटलं, "हा जाहीर लिलाव आहे. अनामत रक्कम भरेल त्याला मला बसू द्यावं लागतं. एका माणसाला वगळायचं असेल तर लिलाव करू नका, खासगीत विका."

ते म्हणाले, "ठीक आहे. तो येणारच नाही."

चौथ्या दिवशी बाबांना वापीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी एकटीच काम करत होते. काम करायच्या मोठ्या टेबलाखाली चार लाकडी पेट्या होत्या. त्यात वाकडंतिकडं लोखंड, स्प्रिंगच्या पट्ट्या, तुटके जॅक, वेल्डिंग केलेले काही तीन पायांचे सांगाडे. काळं तेल चढलेलं. कशावर कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. मी वजनकाटा लावला. दोनशे दहा किलो. यादीत लिहिलं, "लॉट ३२, मिश्र लोखंडी सामान, भंगार." कमीत कमी किंमत, जिला आम्ही रिझर्व्ह म्हणतो, ती किलोच्या भावानं लावली. दहा मिनिटांचं काम. संध्याकाळी बाबांना फोनवर यादी वाचून दाखवली. बत्तीसला ते नुसतं "हं" म्हणाले.

लिलावाच्या सकाळी नाव नोंदवायला एक पन्नाशीचा माणूस आला. अर्जावर दत्तात्रय एवढं वाचलं आणि मी वर पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, माझं नाव पुकारू नका. नंबरच बोला. मी बोलणार पण नाही." मी त्याला चौदा नंबर दिला. नियमात बसत होतं. पुठ्ठा वर करणं ही बोलीच असते.

सकाळ चांगली गेली. बोर्ड पुण्याच्या एका संग्राहकानं नेले. पेट्रोल पंपासाठी हायवेवर रेस्टॉरंट काढणारा एक जण आणि तो पुणेकर बराच वेळ झुंजले, शेवटी पंप रेस्टॉरंटवाल्याला गेला. पाने, वाईस, ऐरण तलासरी आणि डहाणूच्या मेकॅनिकांनी घेतली. प्रत्येक वेळी बाबा विचारायचे, "कुणी घेतलं?" तो माणूस मेकॅनिक आहे असं कळलं की मान डोलवायचे. रेस्टॉरंटच्या वेळी त्यांनी मान डोलावली नाही.

चौदा नंबरनं तोवर एकदाही पुठ्ठा उचलला नव्हता. बत्तीस पुकारला तेव्हा पहिल्यांदा उचलला.

तर, बाबांनी विचारलं भंगारासाठी कोण भांडतंय. मी म्हटलं, "जयेशभाई आणि नंबर चौदा."

"चौदा कोण शे? बोलत का नाही?"

नाव पुकारणार नाही असं मी कबूल केलं होतं. सुनंदा माझ्याकडे बघत होती. तिनं त्याला ओळखलं होतं.

बाबा म्हणाले, "त्यातला एक नग माझ्या हातात द्या."

बोली चालू असताना माल हाताळायला देत नाहीत. पण माल त्यांचाच होता. मी पेटीतला वरचा तीन पायांचा सांगाडा उचलून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठा एका पायाच्या टोकावर फिरवला. तिथं तेलाच्या थराखाली पिवळं काही चमकलं.

"ताई, हे भंगार नाही," ते म्हणाले. "हा पुलर आहे. माझ्या हातचा."

पुलर म्हणजे शाफ्टवर घट्ट बसलेला गिअर किंवा बेअरिंग ओढून काढायचं हत्यार. तीन पाय गिअरला मागून धरतात, मधला स्क्रू फिरवला की गिअर सरकत बाहेर येतो. बाजारात तयार मिळतात. पण काही मशीन अशा असतात की त्यांना बाजारचा पुलर बसत नाही. तेव्हा मिस्त्री स्वतः बनवतो. बाबांनी असे अकरा बनवले होते. मी ते वजनावर लावले होते.

चोवीस वर्षांत यादी चुकली नव्हती असं नाही, पण मालकासमोर, चाळीस माणसांत, कधी नाही.

बाबांनी तोंड माणसांकडे वळवलं. "चौदा नंबरनं एक सांगावं. याला पितळ का लावलंय?"

जयेशभाई हसले. "बेन, हा लिलाव आहे का परीक्षा?"

मी हात वर करून त्यांना थांबवलं. का थांबवलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दत्तू दोन पावलं पुढे आला. मग बोलला. "मसाटच्या कंपनीचा कॉम्प्रेसर होता. गिअर अ‍ॅल्युमिनियमचा. लोखंडी पाय लावला की कड तुटायची. पहिल्या गिअरची कड मीच तोडली होती, मिस्त्री. मग तुम्ही रात्रीतून पितळ चढवलं. कंपनीला सांगितलं, माझ्या हातून तुटलं."

बाबांनी पुलर मांडीवर ठेवला.

"तुना आवाज जाड व्हई गया रे, दत्तू," ते म्हणाले. तुझा आवाज जाड झाला.

पुढे काय करायचं ते माझ्यावर होतं. आमच्या अटींमध्ये एक कलम असतं. हातोडा पडेपर्यंत लिलाव करणारा कुठलाही लॉट मागे घेऊ शकतो. बँकांच्या लिलावात मी ते दोनदा वापरलं होतं. मी बाबांजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "चूक माझी आहे. मी हा लॉट मागे घेते. पुलर वेगळे काढते, लोखंड वेगळं. दोन लॉट करून परत पुकारते."

जयेशभाईंचे कान तिखट. "बेन, बोली माझी चालू आहे. वीस वर्षांपासून तुमच्याकडे माल घेतो. तुमच्या यादीवर विश्वास ठेवून घेतो. आज भाव चढला म्हणून लॉट फोडणार?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या कलमानुसार माझंही खोटं नव्हतं. आणि माझं निम्मं काम जयेशभाईंसारख्या चार-पाच व्यापाऱ्यांवर चालतं हेही मला माहीत होतं. सुनंदा म्हणाली, "मागे घ्या ना, ताई."

बाबांनी मान हलवली. "नाही. बोली लागली ती लागली. चालू द्या."

"बाबा, नुकसान होईल," मी म्हटलं.

"चालू द्या."

हे जयेशभाईंशी खरं वागायचं म्हणून होतं, की दत्तूला आयतं काही मिळू नये म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. करारावर विकणारा म्हणून त्यांचं नाव होतं. मी टेबलामागे परत गेले.

दहा हजार. अकरा. जयेशभाईंना आता कळलं होतं की पेटीत लोखंडापेक्षा जास्त काही आहे. ते थांबायला तयार नव्हते. दत्तू आता पुठ्ठा उचलायचा आणि तोंडानंही सांगायचा. पंधरापर्यंत आला. जयेशभाई सोळा म्हणाले. दत्तूनं खिशाकडे हात नेला, पुठ्ठा खाली केला.

सोळा हजार एकदा. सोळा हजार दोनदा. मी हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ घेतला. पुठ्ठा वर आला नाही. हातोडा मारला.

उरलेले सहा लॉट पंधरा मिनिटांत संपले. माणसं पांगली. मी पावत्या करत होते तेव्हा गेटवर जयेशभाईंचा टेम्पो उभा होता आणि दत्तू त्यांच्याशी बोलत होता. मला सगळं ऐकू येत नव्हतं. जयेशभाईंनी बोटांवर आकडा दाखवला, दत्तूनं मान हलवली, मग दोघांनी हात मिळवले. अकरा पुलर टेम्पोतून खाली आले. बाकीचं लोखंड वापीला गेलं. दत्तूनं पुलरचे तेरा हजार दिले. म्हणजे जयेशभाईंना लोखंड अवघ्या तीन हजारांत पडलं. मी लॉट नीट पाडला असता तर तो फायदा बाबांचा होता. हिशोब करायला कागद लागला नाही.

दत्तू पुलरची पेटी दोन्ही हातांत धरून आत आला आणि कामाच्या रिकाम्या टेबलावर पुलर एकेक मांडायला लागला. बाबा आवाजावरून मोजत होते.

"सातव्याचा स्क्रू बदलून घे," ते म्हणाले. "आटे गेलेत त्याचे."

"बघितलं."

"बघितलं तर मग घेतलास कशाला?"

"नवीन स्क्रू टाकीन. पाय तुमच्याच हातचे आहेत ना."

ट्रान्सपोर्टवाल्यांचा विषय निघाला नाही. पंधरा वर्षांचा विषयही निघाला नाही. दोघं तासभर स्क्रू, आटे आणि कुठल्या कंपनीचा कुठला कॉम्प्रेसर होता यावर बोलत बसले. मधूनमधून अहिराणीत. मला निम्मं कळलं. सुनंदा दारात उभी राहून ऐकत होती. तिला शाळेच्या पेपरांचं काम होतं, पण ती गेली नाही. शेवटी दत्तूच म्हणाला, "चला मिस्त्री, मी सोडतो घरी." आणि बाबा उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून निघाले.

दुसऱ्या दिवशी मी सुनंदाच्या फ्लॅटवर हिशोब द्यायला गेले. बत्तीसवरचं माझं कमिशन मी घेतलं नव्हतं. तिला कारण सांगितलं. ती म्हणाली, "कारण मला नको, बाबांना सांगा." बाबांना सांगितलं.

"तुम्हाला कसं कळणार?" ते म्हणाले. "मी कधी त्यांच्यावर नाव टाकलं नाही. नाव टाकायला वेळ कुठे होता."

कमिशन घ्या, असं मात्र ते म्हणाले नाहीत. ते मला योग्यच वाटलं.

जयेशभाई पुढच्या दोन लिलावांना आले नाहीत. तिसऱ्याला आले आणि यादी हातात घेऊन सगळ्यांसमोर विचारलं, "बेन, आज भंगारात काय लपवलंय?" मी हसले. ते हसले नाहीत.

त्यानंतर मी यादीच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला. "ही वस्तू वापरणाऱ्याला दाखवली का? हो / नाही." फॅक्टऱ्यांमध्ये तो भरताना अडचण येते. तिथं विचारायला कुणी उरलेलं नसतं. मी "नाही" लिहिते आणि काटा लावते. पण आता ते लिहायला थोडा वेळ लागतो.